ना नी, ना सा : रामबागेतल्या एका व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या गुणगुणीचं प्रकरण

तक्रार गाणं शिकवणाऱ्या एका ताईंची होती आणि ती त्यांनी सुरांतच सांगितली. इंदूरला रामबागेत त्यांच्या घरी संध्याकाळी मुलींचा वर्ग चालतो. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर, म्हणजे काचेच्या जुन्या व्हॉल्व्हांवर चालणारं आवाज वाढवायचं यंत्र, त्याच खोलीत आहे. मोबाईलवरचा तानपुरा असो की जुनी रेकॉर्डिंगं, सगळं त्याच्यावरूनच वाजतं. "मुलींचा सा काळी चारचा," ताई म्हणाल्या, "आणि हे यंत्र दिवसभर एक सूर धरून बसतं. तो ना नी आहे, ना सा. पोरींचा गळा तिकडे ओढला जातो." त्याआधी एका दुकानात आतले सगळे कंडेन्सर बदलून झाले होते. गुणगुण गेली नव्हती, उलट तिला धार चढली होती.

ताईंच्या या वाक्यात अर्धं निदान आलेलं आहे. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ती रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागातून, गेली की दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला येतात आणि मागे उरतो तो १०० हर्ट्झचा लहरा, म्हणजे डीसीवर राहिलेला चढउतार (रिपल). पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरून लावलेल्या पेटीत खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची आणि काळी चार जवळजवळ १०४ ची. म्हणजे १०० हर्ट्झ या दोन पट्ट्यांच्या फटीत, पांढरी पाचच्या जरा वर बसतो. काळी चारला सा धरला तर पांढरी पाच हा शुद्ध निषाद. ताईंच्या कानानं जागा नेमकी पकडली होती. ५० हर्ट्झ हा त्याचाच खालचा सूर, एक सप्तक उतरलेला. त्यामुळे नुसत्या स्वरावरून ५० की १०० हे कळत नाही. सप्तक ओळखावं लागतं आणि आवाजाचा पोत ऐकावा लागतो. ५० चा आवाज गोलसर, "घूं" असा, छातीत जाणवणारा. १०० चा जरा खडा. आणि त्याला वरच्या पटींची झालर असली की घरघर.

माझं म्हणणं एवढंच आहे की कानाला एक आवाज म्हणून जे ऐकू येतं त्यात बहुधा तीन-चार दोष एकमेकांवर बसलेले असतात. त्यातला एक काढला तरी उरलेल्यांमुळे फरक जाणवत नाही, मग माणूस हताश होऊन भाग बदलत सुटतो. चांगले भाग निघून जातात, दोष जागच्या जागी राहतो. इथे तर बदलण्याच्या भरात एक नवा दोषही आत आला होता.

यंत्र काय होतं

मंडळ (सर्किट) अगदी साधं. प्रत्येक चॅनेलला एक ईएल८४, म्हणजे स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह, आणि दोन्ही चॅनेलना मिळून एक ईसीसी८३, म्हणजे सिग्नल आधी वाढवणारा पहिला व्हॉल्व्ह, त्याचा एकेक अर्धा भाग वाटून घेतलेला. रेक्टिफिकेशनला ईझेड८१ हा व्हॉल्व्ह. ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा, म्हणजे मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना २५० व्होल्टचा, रेक्टिफायरनंतर कंडेन्सर, चोक (लहरा अडवणारं तारेचं वेटोळं), पुन्हा कंडेन्सर. व्हॉल्यूमचं कंट्रोल अगदी सुरुवातीला, ईसीसी८३ च्या ग्रिडच्या, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या जाळीच्या, आधी. फीडबॅक नाही. ईएल८४ बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, छाप अजून वाचता येते.

एकेकट्या ईएल८४ वर चालणारा अँप्लिफायर पुरवठ्यातल्या लहऱ्याच्या बाबतीत मुळातच हळवा असतो. पुशपुल रचनेत आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्या भागांत लहरा एकमेकाला बराचसा मारून टाकतो. इथे ती सोय नाही. त्यामुळे "असल्या यंत्रात थोडी गुणगुण असायचीच" असं दुकानात ताईंना सांगितलं गेलं, ते वरवर पटण्यासारखं होतं. पण थोडी म्हणजे किती, हे कुणी मोजलं नव्हतं.

ज्यांना हे घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी इथेच सांगतो. अशा यंत्रात पाऊणेतीनशे व्होल्ट डीसी असतो आणि वायर काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. वायर भिंतीतून काढायची, दहा किलोओमचा पाच वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेशनच्या चिमट्यांनी कंडेन्सरला लावून ठेवायचा, मीटरवर व्होल्टेज दहाच्या खाली गेलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मगच आत हात घालायचा. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात. काळा चिमटा चॅसिसला, म्हणजे यंत्राच्या पत्र्याच्या सांगाड्याला, आधी लावून ठेवायचा, लाल सळई एका हातानं टेकवायची. व्हॉल्व्ह काढायचा तो यंत्र बंद करूनच. आणि स्पीकर किंवा त्याच्या जागी रेझिस्टन्स जोडल्याशिवाय चालू करायचं नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायचा. ज्याला यातलं काही अवघड वाटतं त्यानं हे यंत्र उघडू नये.

आधी मोजमाप

पहिला प्रश्न : आवाज स्पीकरमधून येतो की खुद्द पेटाऱ्यातून? ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या ढिल्या झाल्या की तोच घूं करतो, आणि लोक स्पीकरला दोष देतात. इथे स्पीकर काढून त्याच्या जागी आठ ओमचा वायरवाउंड रेझिस्टन्स लावला तेव्हा पेटारा शांत होता.

मग व्हॉल्यूम शून्यावर नेला आणि त्या रेझिस्टन्सला मिलिव्होल्ट नीट दाखवणारा मीटर जोडला. दोन्ही चॅनेलला जवळपास १४ मिलिव्होल्ट. व्हॉल्यूम वर-खाली केला तरी आकडा ढळेना. व्हॉल्यूम शून्यावर असताना मोबाईलकडून येणारं सगळं अडतं, म्हणजे हा आवाज कंट्रोलच्या पुढे कुठेतरी शिरत होता.

यंत्र बंद करून ईसीसी८३ काढला आणि पुन्हा चालू केलं. आकडा ०.७ वर आला. हिटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तंतूंच्या, वायरी समांतर जोडलेल्या असल्यानं एक व्हॉल्व्ह काढला तरी बाकीचे चालतात. मालिकेत जोडलेल्या रेडिओत हे जमणार नाही. नंतर दोन्ही ईएल८४ सुद्धा काढून बघितले. ते करण्याआधी कंडेन्सर किती व्होल्टचे आहेत हे वाचलं, कारण भार गेला की पुरवठा चढून साडेतीनशेच्या वर जातो. ते ४५० चे होते म्हणून धाडस केलं. उरले ०.४ मिलिव्होल्ट. हे मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरणारे. व्हॉल्व्हचा त्यात काही संबंध नाही.

या तीन आकड्यांनी सगळा तपास एका टोकाला आणून ठेवला. १४ पैकी जवळजवळ सगळा आवाज पहिल्या व्हॉल्व्हपाशी आत येत होता. मग पुरवठ्याचं काय? मीटर एसीवर ठेवून, सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा कंडेन्सर मालिकेत लावून लहरा मोजला. तो न लावता मोजलं तर बरेच स्वस्त मीटर डीसीलाच फसतात. पहिल्या कंडेन्सरवर पाच व्होल्ट, चोकच्या पुढे सहा मिलिव्होल्ट. दुकानदारानं तिथे २२० मायक्रोफॅरड घातला होता, मूळच्यापेक्षा मोठा. फिल्टर उत्तम काम करत होता. कंडेन्सरवर घातलेला पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही, जुने कधीतरी बदलावेच लागले असते. पण रोग तिथे नव्हता.

चॅसिसमधून वाहणारा प्रवाह

इथे थोडं थांबतो, कारण व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या गुणगुणीत हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि दुरुस्तीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडेच होतं.

मंडळाच्या कागदावर "अर्थ" म्हणजे एक खूण असते. जिथे जिथे ती खूण, तिथे तिथे शून्य व्होल्ट, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती पत्र्याची चॅसिस असते, तिला रिव्हेटनं बसवलेले टॅग असतात, आणि पत्रा असो की रिव्हेट, थोडा तरी रेझिस्टन्स असतोच. त्यातून प्रवाह गेला की एका टॅगचा शून्य आणि दुसऱ्या टॅगचा शून्य वेगळे होतात.

पहिल्या कंडेन्सरचा प्रवाह तर सलग नसतोच. यंत्राला शंभर-सव्वाशे मिलिअँपियर सतत लागतात, पण रेक्टिफायर ते सेकंदाला शंभर छोट्या झटक्यांत भरतो. झटक्याचं शिखर अर्धा अँपियर किंवा त्याहून वर जातं. हे झटके ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपमधून कंडेन्सरच्या ऋण टोकापर्यंत आणि परत असे धावतात. त्यांची वाट आखूड आणि स्वतंत्र हवी.

सासऱ्यांनी बांधताना ती तशीच ठेवली असणार. जुना कंडेन्सर ॲल्युमिनियमच्या डब्याचा होता, ट्रान्सफॉर्मरशेजारी बसवलेला. त्याचं भोक अजून दिसतं. नवे कंडेन्सर सुटे, वायरीच्या पायांचे. ते बसवणाऱ्यानं पहिल्या कंडेन्सरचं ऋण टोक जो टॅग हाताला आला त्याला डाग दिला, आणि तो टॅग नेमका इनपुट सॉकेटशेजारचा, ज्याला ईसीसी८३ चा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) आणि व्हॉल्यूमचं खालचं टोक जोडलेलं होतं. मधला टॅप चॅसिसच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे अर्ध्या अँपियरचे झटके सेकंदाला शंभर वेळा अख्ख्या चॅसिसमधून इनपुटच्या टॅगपर्यंत ये-जा करत होते.

आता हिशेब करा. इनपुटपासून स्पीकरपर्यंत या यंत्राचं वर्धन साधारण शंभरपट. स्पीकरवर १४ मिलिव्होल्ट यायला इनपुटपाशी एका मिलिव्होल्टचा सातवा हिस्सा पुरतो. अर्ध्या अँपियरला तेवढं व्होल्टेज पाडायला ओमचा तीन-साडेतीन हजारावा भाग रेझिस्टन्स बस झाला. गंजलेल्या रिव्हेटमध्ये तो सहज मिळतो. कुठलाही साधा मीटर हा रेझिस्टन्स दाखवणार नाही. तो शून्यच म्हणेल. म्हणून इथे मीटरवर नाही, विचारावर भिस्त ठेवावी लागते : कुठला प्रवाह कुठून परत जातो, हे बोट ठेवून शोधायचं.

उपाय दोन वायरींचा होता. पहिल्या कंडेन्सरचं ऋण टोक थेट मधल्या टॅपला जाड वायरीनं जोडलं. तिथून दुसऱ्या कंडेन्सरचं ऋण, मग ईएल८४ चे कॅथोड, मग ईसीसी८३ चं सगळं, अशी एकच जाड तांब्याची तार ओढली आणि ती चॅसिसला एकाच जागी, इनपुट सॉकेटपाशी जोडली. इनपुटची सॉकेटं चॅसिसपासून इन्सुलेशनच्या वॉशरनं सुटी केली. मोठा प्रवाह मागे राहिला, नाजूक इनपुटपाशी फक्त त्याचाच प्रवाह उरला. मीटर चारवर आला.

तोच सूर, खालच्या सप्तकात

स्पीकर परत जोडला आणि ताईंना बोलावलं. त्यांनी कान लावला, पेटी ओढली, खर्जातली पांढरी पाच दाबली, सोडली, पुन्हा दाबली. म्हणाल्या, "घरघर गेली. पण सूर आहेच अजून. तोच आहे, फक्त एक सप्तक खाली उतरलाय."

याहून नेमकं निदान ऑसिलोस्कोपनंही दिलं नसतं. १०० चा दोष गेला होता आणि त्याच्याखाली दडलेला ५० चा दोष उघडा पडला होता. ५० म्हणजे रेक्टिफायरच्या आधीची वीज. व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये ती ग्रिडच्या जवळ बहुधा एकाच वाटेनं पोहोचते : हिटर.

हिटरला ६.३ व्होल्ट एसी असतो. त्याच्या दोन वायरी चॅसिसच्या सापेक्ष समसमान असाव्या लागतात, एक ३.१५ वर तेव्हा दुसरी ३.१५ खाली, म्हणजे त्यांचा प्रभाव ग्रिडवर एकमेकाला मारतो. ट्रान्सफॉर्मरला मधला टॅप नसेल तर दोन शंभर ओमचे रेझिस्टन्स लावून कृत्रिम मध्य काढतात. इथे ते होते. मीटर लावला : एका वायरीवर शून्याच्या जवळ, दुसरीवर ६.३. दोन्हीकडे ३.१५ यायला हवे होते. दोनपैकी एक रेझिस्टन्स आतून तुटलेला होता. वरून अगदी धडधाकट दिसत होता. एक पाय सोडवून मोजल्यावरच कळलं.

दोन्ही रेझिस्टन्स नवे घातले. शिवाय त्यांचा मध्य चॅसिसला न जोडता एका ईएल८४ च्या कॅथोडला जोडला. तिथे साडेसात व्होल्टच्या आसपास डीसी असतो. हिटर ईसीसी८३ च्या कॅथोडपेक्षा थोडा धन झाला की हिटरमधून कॅथोडकडे झिरपणारे इलेक्ट्रॉन अडतात. जुनी युक्ती आहे, खर्च एका वायरीचा. हिटरच्या वायरी पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून नेल्या, ग्रिडच्या वायरीला त्या आता काटकोनातच ओलांडतात. मीटर एक मिलिव्होल्टवर.

ताईंनी पुन्हा पेटी ओढली नाही. मोबाईलवर इंदूर घराण्याचे अमीर खाँसाहेब लावले, विलंबित, जिथे एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंत जाताना मध्ये नुसता तानपुरा उरतो. इंदूरच्या माणसाला गुणगुण तपासायला याहून चांगली कसोटी नाही. त्यात फक्त तानपुराच ऐकू आला, आणि मग मोबाईलला चार्जर लावला.

घराची अर्थिंग

चार्जर लावताच नवीनच चुरचुरती घरघर सुरू झाली. काढला की बंद. पेटाऱ्याच्या पत्र्याला हात लावला की कमी. हे यंत्राचं दुखणं नव्हतंच.

दोन पिनांच्या चार्जरमधून थोडी वीज आतल्या छोट्या कंडेन्सरमधून नेहमीच झिरपते. जोडलेल्या अँप्लिफायरला खरी अर्थ असेल तर ती निमूट जमिनीत जाते. अर्थ नसेल तर पत्रा तरंगता राहतो आणि घरघर सिग्नलवर चढते. भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटला तिसरं भोक होतं, आत हिरवी वायरही होती. पण फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये शंभराच्या आसपास भटकणारा आकडा. चांगल्या अर्थिंगला तिथे एक-दोन व्होल्ट असतात.

मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा सापडला. मालव्याची काळी माती ओली असताना विजेला उत्तम वाट देते, पण उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. त्यात इथे पाइपाला जोडलेली तार गंजून तुटली होती. हे काम मी केलं नाही, परवाना असलेल्या वायरमनकडून करवून घेतलं : अडीच मीटरचा नवा जीआय पाइप, कोळसा-मिठाचे थर, वरून पाणी घालायला नरसाळं, आणि बोर्डापर्यंत नवीन वायर. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टवर आला. चार्जर लावून तानपुरा चालू केला तरी घरघर नाही.

गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला पुष्कळजण देतात. तो कधीही मानू नका. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं तर २३० व्होल्ट पत्र्यावर येतात, आणि या खोलीत तर त्या पत्र्याशेजारी लहान मुली बसतात.

राहिलेली खरखर

उजव्या चॅनेलला यंत्र तापल्यावर खरखर येत असे, हे ताईंनी मधेच सांगितलं. इतका वेळ ती गुणगुणीखाली झाकली गेली होती. ईएल८४ च्या ग्रिडवर डीसी शून्य होता, म्हणजे दोन व्हॉल्व्हांमधला कपलिंगचा कंडेन्सर गळत नव्हता. व्हॉल्व्हचे पाय आणि बेस साफ केले, ईसीसी८३ बदलून बघितला, फरक नाही. मग उजव्या चॅनेलच्या, ईसीसी८३ च्या प्लेटला (सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकाला) जोडलेल्या, शंभर किलोओमच्या जुन्या कार्बन रेझिस्टन्सजवळ, न टेकवता, तापलेला सोल्डरिंग आयर्न नेला. खरखर वाढली. तिथे एक वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टन्स घातला, दोन्ही चॅनेलला, म्हणजे हलकी सूंसूं पण उतरली. मूळचा ईसीसी८३ परत बसवला. तो ठणठणीत होता.

शेवटचा आकडा दोन्हीकडे ०.९ मिलिव्होल्ट. त्यातले ०.४ ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्राचे. मेन्स ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला तर तेही उतरतील, पण त्यासाठी चॅसिसला नवी भोकं पाडावी लागतील. स्पीकरला कान टेकवल्याशिवाय आता काही ऐकू येत नाही, म्हणून सासऱ्यांची बांधणी तशीच ठेवली.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे : प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायावरचं व्होल्टेज, अर्थच्या तारेचा मार्ग, आणि पहिल्या कंडेन्सरचं ऋण टोक कुठे जोडायचं ते मोठ्या अक्षरात. उद्या कुणीही उघडलं तरी कंडेन्सर बदलताना ती वाट मोडू नये. अर्थिंगच्या नरसाळ्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं ताईंनी एका मुलीकडे सोपवलं आहे, आणि मे महिन्यात माती भेगाळली की न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजायचं आहे.